जयपूरचे दरवाजे मिटले ती दुपार

पानिपतची तारीख आपल्याकडे शाळकरी पोरही सांगते. त्याच्या सुमारे दहा वर्षे आधी, 10 जानेवारी 1751 रोजी, जयपुरात हजारो मराठी माणसे एका दिवसात कापली गेली. ती तारीख मात्र कुणाच्या ओठांवर नाही. मला हे फार लागते, कारण जयपूरचा अनर्थ आभाळातून कोसळला नव्हता. 1750 साल संपता संपता आपणच तो पावलापावलाने जवळ आणला होता.

अडीच वर्षे आधी. जयपूरचा राजा सवाई जयसिंह 1743 मध्ये वारला आणि ईश्वरीसिंह व माधोसिंह या सावत्र भावांत गादीसाठी जुंपली. भाऊबंदकी त्यांची, पण तिचा बाजार आपण मांडला. मल्हारराव होळकर माधोसिंहाकडे, तर शिंद्यांचा कल ईश्वरीसिंहाकडे. ऑगस्ट 1748 मध्ये बगरूला ईश्वरीसिंह हरला. त्याने भावाला परगणे तोडून दिले आणि मराठ्यांना मोठी खंडणी कबूल केली. ती रक्कम त्याच्या खजिन्यात कधीच नव्हती.

दोन महिने आधी. शाहू महाराज जाऊन वर्ष होत आले होते. नानासाहेब पेशवे कर्जात बुडालेले, आणि थकलेल्या खंडणीसाठी मल्हारराव जयपूरच्या वाटेला लागलेले. ईश्वरीसिंहाच्या वकिलांनी दोन लाख पुढे केले. मल्हारराव भडकले. ईश्वरीसिंहाने आपला कर्ता दिवाण केशवदास याला विष देऊन मारले होते, त्याचाही राग त्यांच्या मनात होता.

29 दिवस आधी, मध्यरात्र. 12 डिसेंबर 1750. होळकरांची फौज शहरापासून हाकेच्या अंतरावर. दिवाण हरगोविंद नाटाणी फौज उभी करतो म्हणत राहिला आणि ती उभी राहिलीच नाही. ईश्वरीसिंहाने चाकराकडून विष आणि जिवंत नाग मागवला. विष प्यायला, नागाकडून डसवून घेतले. तीन राण्यांनीही विष घेतले. दुसऱ्या दिवसापर्यंत प्रेते तशीच पडून होती. ज्या राजाने वर्षभरापूर्वी त्रिपोलिया बाजारात ईसरलाटेचा मनोरा उभारला, त्याला खांदा द्यायला वेळेवर माणूस मिळेना. ही बातमी शहरातल्या घराघरांत कशी बोलली गेली असेल, याचा विचार छावणीतल्या कुणी केल्याचे दिसत नाही.

4 दिवस आधी. मल्हाररावांनी माधोसिंहाला बोलावून गादीवर बसवले होते. 6 जानेवारीला जयाप्पा शिंदेही फौज घेऊन येऊन पोचले. आता मागणी पैशावर थांबेना. राज्याचा तिसरा, निदान चौथा हिस्सा हवा! ज्याला आपण राजा केले, त्याच्याच राज्याचा लचका. माधोसिंहाला त्या घडीला कळून चुकले की भावाला पोचवणारा रस्ता त्याच्याही दारावरून जातो.

10 जानेवारी, सकाळ. सुमारे पाच हजार मराठे शहर पाहायला आत गेले. जयपूर तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचे. विद्याधर भट्टाचार्याच्या आराखड्यावर वसलेले, सरळसोट रुंद रस्त्यांचे, एका मापाच्या दुकानांचे. असे शहर दख्खनच्या गड्यांनी कुठे पाहिलेले? कुणी देवदर्शनाला निघाले, कुणी बाजारात रेंगाळले. सरदार होते, ब्राह्मण होते. लढाईला कुणीच निघाले नव्हते. तटाच्या दरवाजातून आत जाताना मागे वळून पाहावे असे कुणाला वाटण्याचे कारणच नव्हते.

दुपार, बाराचा सुमार. दरवाजे मिटले, आणि कत्तल सुरू झाली.

तिसरा प्रहर. ज्या सरळ रस्त्यांचे सकाळी कौतुक झाले, तेच आता जिवावर उठले. लपायला वाकडी गल्ली नाही, पळायला आडवाट नाही. रस्त्याच्या टोकाला तट आणि बंद दार. 1282 मध्ये सिसिलीतल्या पालेर्मोच्या लोकांनी संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी शहरातल्या सत्ताधारी फ्रेंचांवर असेच हत्यार उगारले होते. दीर्घकाळ गिळलेला अपमान बाहेर पडला की तो समोरचा माणूस दोषी की निर्दोष हे विचारत नाही. खंडणीचे आकडे ठरवणारे छावणीत सुखरूप होते. सापडले ते पागेतले स्वार, कारकून, देवळात हात जोडून उभे असलेले.

दिवेलागण. तटावर चढून लोकांनी बाहेर उड्या टाकल्या. सुमारे हजारभर जखमी, हातपाय मोडलेले, असे छावणीत पोचले. शहराबाहेरही सुटका नव्हती. वाटांवर निरोप घेऊन धावणारे मराठी जासूद गावोगाव गाठून मारले जात होते.

मध्यरात्र. हत्यारे थांबली तेव्हा सुमारे तीन हजार मराठे मेले होते.

त्यानंतर. माधोसिंहाने वकील पाठवून हात झटकले: हे रयतेने केले, आमचा हुकूम नव्हता. पैसेही दिले. तेवढ्यात मोगल वजीर सफदरजंगाचे बंगश पठाणांविरुद्ध बोलावणे आले आणि होळकर-शिंद्यांच्या फौजा दुआबाकडे वळल्या. तीन हजार माणसांचा हिशेब तिथेच सोडून.

चार वर्षांनी, जुलै 1755 मध्ये, नागोरच्या वेढ्यात जयाप्पा शिंद्यांचा छावणीतच दग्याने खून झाला. आणि 14 जानेवारी 1761 रोजी सदाशिवरावभाऊ पानिपतावर उपाशी फौज घेऊन उभे राहिले, तेव्हा जयपूरच्या गादीवर माधोसिंहच होता. मदतीला जयपूरचा एकही कछवाहा स्वार आला नाही.