शाळेची पारख : डेप्युटींच्या शेऱ्यापासून पालकांच्या प्रश्नांपर्यंत

छत्तीसगडच्या इतिहासात १८५४ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवावे लागते. तिसरे रघूजी भोसले वारसाविना निवर्तल्यानंतर नागपूरचे राज्य त्या वर्षी कंपनी सरकारने खालसा केले आणि त्यासोबत छत्तीसगडही इंग्रजी अमलाखाली गेले. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता लंडनहून निघाला. प्रत्येक प्रांतात शिक्षण खाते, शाळांना सरकारी अनुदान आणि अनुदानासोबत सरकारी निरीक्षण ही व्यवस्था त्या खलित्यातून आली. तोवर पंतोजींची पारख गाव करीत असे. मुलाला पावकी-निमकी पाठ येते का, खत-पत्र लिहिता-वाचता येते का, एवढ्यावर गुरुजींचा लौकिक ठरे. आता शाळेचे मोल ठरवणारा अधिकारी गावाबाहेरून येऊ लागला. वर्षाकाठी येणारे डेप्युटी, त्यांच्यासाठी सारवलेली शाळा, धुतलेले सदरे आणि शेवटी पुस्तकात उतरलेला त्यांचा शेरा हे मराठी मुलखातील अनेक पिढ्यांच्या आठवणीतले दृश्य आहे.

अनुदान कशाच्या आधारे द्यावे, हा प्रश्न मात्र लवकरच अवघड झाला. इंग्लंडमध्ये १८६२ पासून निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत आली आणि त्याच दशकात मुंबई इलाख्यानेही ती स्वीकारली. जितकी मुले निरीक्षकापुढे उत्तीर्ण होतील तितके पैसे, असा तो हिशेब होता. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने तो सोयीचा होता. शिक्षणाच्या दृष्टीने त्याचे परिणाम वाईट झाले. परीक्षेत विचारले जाईल तेवढेच शिकवले जाऊ लागले आणि मागे राहणारे मूल शाळेला नकोसे वाटू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत मोडीत निघाली. तिच्यामागची वृत्ती मात्र आजही पूर्णपणे गेलेली नाही.

याच काळात, १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. सरकार उच्च शिक्षणावर खर्च करते आणि ज्यांच्या करातून तो पैसा येतो त्या रयतेची मुले प्राथमिक शिक्षणावाचून राहतात, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पुरेसे वेतन मिळावे, अभ्यासक्रमात मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, शेती आणि आरोग्य यांचे उपयुक्त ज्ञान असावे, असा त्यांचा आग्रह होता. निरीक्षकाने किती मुले उत्तीर्ण झाली हे मोजले. फुल्यांनी किती मुले शाळेत पोहोचलीच नाहीत हे विचारले. शाळेच्या मूल्यमापनातले हे दोन प्रवाह तेव्हापासून शेजारी शेजारी वाहत आले आहेत.

मध्य प्रांतात मराठी आणि हिंदी या दोन भाषांचा संसार एकत्र होता. माधवराव सप्रे हे त्याचे ठळक उदाहरण. घरची भाषा मराठी, शिक्षण बिलासपूर आणि रायपूर येथे, आणि १९०० मध्ये पेंड्र्याहून काढलेले ‘छत्तीसगड मित्र’ हे मासिक हिंदीतले. लोकमान्यांचा ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत नेणारे सप्रे दोन भाषांत सारख्याच सहजतेने वावरले. पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा मानल्या गेल्या. नागपूर ही राजधानी होती आणि दुर्ग त्याच प्रांताचा एक जिल्हा होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, छत्तीसगड मध्य प्रदेशात आले, आणि दुर्ग-रायपूरकडच्या मराठी कुटुंबांची भाषा अल्पसंख्याकांची भाषा ठरली. त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३५० क हे कलम घातले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षण मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. माध्यमिक स्तराविषयी ते काही बोलत नाही. परप्रांतातील मराठी पालकांची खरी कसोटी प्राथमिक वर्ग संपल्यावर का लागते, याचे एक कारण येथे आहे.

भिलाईचा उदय या साऱ्याच्या मध्यावर झाला. पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व भागांतून कुटुंबे आली. सेक्टरांत आखलेल्या वसाहतीत घरांसोबत शाळाही उभ्या राहिल्या आणि कारखान्याने स्वतःचा शिक्षण विभाग चालवला. एकाच गावात कारखान्याच्या शाळा, शासकीय शाळा आणि खासगी संस्थांच्या शाळा असल्यामुळे तुलना अपरिहार्य झाली. सेक्टर १० च्या उच्च माध्यमिक शाळेचे नाव अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांतील यशामुळे दूरवर पोहोचले, आणि निकाल हाच शाळेचा परिचय ही समजूत येथील घराघरांत रुजली.

निकाल महत्त्वाचा असतोच. पण तो वाचायचा कसा, हे फारसे कुणी सांगत नाही. समजा, दोन शाळांत नववीत साठ-साठ मुले दाखल झाली. पहिल्या शाळेतील चाळीस मुले दहावीच्या परीक्षेस बसली आणि अडतीस उत्तीर्ण झाली. निकाल ९५ टक्के. दुसऱ्या शाळेतील अठ्ठावन्न बसली आणि पन्नास उत्तीर्ण झाली. निकाल सुमारे ८६ टक्के. फलकावर पहिली शाळा पुढे दिसेल. परंतु दाखल झालेल्या साठांपैकी पहिलीने अडतीस मुलांना, म्हणजे ६३ टक्क्यांना, पैलतीरी नेले; दुसरीने पन्नास जणांना, म्हणजे ८३ टक्क्यांना. उरलेली बावीस मुले कुठे गेली, हा प्रश्न पहिल्या शाळेला कुणी विचारत नाही. निकालानुसार अनुदानाच्या काळात जे घडले तेच येथे निराळ्या वेषात घडू शकते. तसेच, दहावीचे उत्तम गुण पाहूनच जेथे अकरावीत प्रवेश मिळतो, तेथील बारावीच्या यशात निवडीचा वाटा किती आणि अध्यापनाचा किती, हेही वेगळे काढून पाहावे लागते.

शाळेजवळ काय आहे, याची मोजदाद अलीकडे अधिक पद्धतशीर झाली. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या शाळांसाठी किमान निकष घातले : प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, ग्रंथालय, क्रीडांगण, अडथळाविरहित प्रवेश, प्राथमिकला तीस आणि उच्च प्राथमिकला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक. अनुदानित व शासकीय शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, अशीही तरतूद आहे. माध्यमिक शिक्षणासाठी २००९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने पाच किलोमीटरच्या आत शाळा हे उद्दिष्ट ठेवले. ‘यूडायस’ नोंदणीमुळे प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक मिळाला आणि पट, शिक्षक, खोल्या, प्रयोगशाळा यांची माहिती दरवर्षी नोंदवली जाऊ लागली. २०१५ च्या ‘शाळासिद्धी’ उपक्रमाने सात क्षेत्रांत शाळेनेच स्वतःचे परीक्षण करावे असे सुचवले. डेप्युटींच्या एका शेऱ्यापुरती असलेली माहिती आता पालकांच्याही आवाक्यात आली आहे. ती मागणारे पालक मात्र अजून थोडेच आहेत.

छत्तीसगड शासनाने २०२०-२१ मध्ये स्वामी आत्मानंद यांच्या नावाने इंग्रजी माध्यमाच्या ५२ शासकीय शाळा सुरू केल्या आणि पुढे त्यांची संख्या वाढवली. ज्यांच्या नावाने हा उपक्रम आहे त्या स्वामीजींनी नारायणपूर येथे अबूझमाडच्या आदिवासी मुलांसाठी शिक्षणकार्य उभारले होते. शासकीय शाळेत प्रवेशासाठी सोडत काढावी लागावी, ही गोष्ट समाधानाची आहे. चांगली प्रयोगशाळा, सुसज्ज ग्रंथालय आणि पुरेसे शिक्षक दिले तर पालक शासकीय शाळेकडे परततात, हे त्यातून दिसले. पण अनेक ठिकाणी हा बदल जुन्याच शाळांच्या इमारतींत झाला. तेथे आधीपासून हिंदीतून शिकणाऱ्या मुलांचे काय झाले, हा प्रश्न त्या शाळांच्या मूल्यमापनात यायला हवा. पालक शाळेकडे सोयींमुळे येतात की माध्यमामुळे, हेही तपासून पाहण्यासारखे आहे. कारण या दोन गोष्टी एकत्र दिल्या की श्रेय बहुधा इंग्रजीच्या पदरात पडते. तीच प्रयोगशाळा आणि तेवढेच शिक्षक मातृभाषेच्या शाळेला मिळाले असते तर काय झाले असते, हा प्रश्न भिलाईतील मराठी माणसाला अगदी जवळचा आहे.

म्हणून शाळा निवडणाऱ्या आजच्या पालकांनी दीडशे वर्षांच्या या अनुभवातून काही प्रश्न उचलावेत. नववीत किती मुले आली आणि दहावीला किती बसली? विज्ञान, गणित आणि इंग्रजीला कायम शिक्षक आहेत का? प्रयोगशाळेच्या किल्ल्या वर्षातून किती वेळा बाहेर निघतात? ग्रंथालयाच्या देवघेव वहीत मुलांची नावे आहेत का? मुलींची गळती कोणत्या इयत्तेत होते? पालक समितीची सभा खरोखर भरते का, की केवळ इतिवृत्तात भरते? माध्यमिकच्या टप्प्यावर मातृभाषा निदान एक विषय म्हणून तरी पुढे शिकता येते का? हे प्रश्न कुणाला अडचणीत आणण्यासाठी नाहीत. चांगल्या शाळेजवळ त्यांची उत्तरे असतात, आणि प्रयत्न करणाऱ्या शाळेजवळ निदान प्रामाणिक उत्तरे असतात.

माजी विद्यार्थ्यांकडे तर आणखी एक माप आहे, जे कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, नापास होणारा, फी उशिरा भरणारा सोबती शाळेत टिकला का, आणि टिकला तर तो कुणामुळे, हे त्यांना ठाऊक असते. हीरक महोत्सवी वर्षात गुणवंतांच्या नावांचे फलक झळकतील, ते योग्यच आहे. त्यांच्या शेजारी त्या टिकून राहिलेल्या मुलांचीही नोंद व्हावी. शाळेची पारख शेवटी त्यांच्यावरूनच होते.