टिकाऊ खेळणे म्हणजे काय? पाटणच्या शिलालेखापासून बालवाडीच्या कपाटापर्यंत

मागच्या व्याख्यानानंतर एक आजी आमच्याजवळ आल्या. नातवाचा तिसरा वाढदिवस जवळ आला होता. म्हणाल्या, "सर, पोराले काय घेऊ? दोन दिवसांत मोडायला नको, अन् त्याला काही शिकायलाही मिळालं पाहिजे." आम्ही "लाकडी ठोकळे घ्या" एवढे सांगून मोकळे झालो. घरी गेल्यावर मात्र ते उत्तर अपुरे वाटत राहिले. 'टिकाऊ' म्हणजे काय, हे आम्ही त्यांना सांगितलेच नव्हते. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हे शोभले नाही. म्हणून आज तोच प्रश्न इतिहासाच्या वाटेने पाहू.

सुरुवात आपल्या तालुक्यापासून करू. पाटणादेवीला आपण सगळेच जातो. चाळीसगावपासून अठराएक किलोमीटर. त्या पाटण गावात 1207 सालचा एक शिलालेख सापडला आणि एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या इथल्या सत्ताधीशांनी त्याला दान दिले. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे आणि त्यात बाजारातल्या मालावर, तेलाच्या घाण्यावर मठासाठी काय द्यायचे, ते लिहिले आहे. म्हणजे बघा, गणिताच्या शाळेचा भार गावच्या बाजारानेही उचलला होता.

त्या शाळेत काय शिकवत असतील? भास्कराचार्यांची 1150च्या सुमाराची 'लीलावती' तर नक्कीच. त्यातले एक कोडे आमच्या शब्दांत सांगतो. तळ्यात एक कमळ पाण्यावर वीतभर, म्हणजे अर्धा हात, वर आले आहे. वारा येतो, कमळ हळूहळू कलते आणि मूळ जागेपासून दोन हातांवर पाण्यात बुडते. तर पाणी किती खोल? उत्तर आहे पावणेचार हात. पण उत्तर कळल्यावरही हे कोडे संपत नाही. देठ ताठ होता तेव्हा आणि कलला तेव्हा त्याची लांबी तीच, हे लक्षात आले की मूल काडी घेऊन बादलीत तसेच करून बघते. हीच 'लीलावती' 1587 मध्ये अकबराच्या दरबारात फैजीने फारसीत नेली, 1817 मध्ये कोलब्रुकने इंग्रजीत. पाटणचा मठ आज नाही. कोडे आहे.

आता कोणी म्हणेल, सर, तीन वर्षांच्या पोराला 'लीलावती' द्यायची का? नाही हो. आम्ही फक्त कसोटी शोधतोय. पहिली कसोटी ही मिळाली: ज्याच्याकडे मूल पुन्हा वळते, ते टिकाऊ.

दुसरी गोष्ट नाटकातली. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त चारुदत्ताचा लहानगा मुलगा रडतो आहे. शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी तो खेळला होता. ती गाडी परत गेली. दासीने मातीची करून दिली, ती त्याला नको. वसंतसेनेला गहिवरून येते आणि ती आपले दागिने त्या मातीच्या गाडीत भरते. पुढे तेच दागिने न्यायालयात चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. महागड्या खेळण्याने घर अडचणीत येते, ही गोष्ट काही आजची नाही! पण आम्हाला त्या दासीबद्दल जास्त वाटते. तिने पोरासमोर माती मळली असेल, तर खरा खेळ तिथेच होता. आपल्या खानदेशात आमच्या पिढीने पोळ्याला मातीचे बैल केले, ज्वारीच्या धाटांच्या गाड्या केल्या. संध्याकाळपर्यंत चाक निखळायचे. दुसऱ्या दिवशी नवीन गाडी. वस्तू एक दिवसाची, पण ती करण्याची कला हातात राहिली, ती अजून आहे. ही दुसरी कसोटी: मोडले तर ते मुलाला, निदान घरच्यांना, नीट करता आले पाहिजे.

आता थोडे बाहेर जाऊ. जर्मनीत फ्रोबेलने 1837 मध्ये ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी काम सुरू केले. त्याने मुलांना दिलेल्या वस्तूंना तो 'भेटी' म्हणे. पहिली भेट लोकरीचे मऊ चेंडू. तिसरी एक लाकडी घन, आठ छोट्या घनांत विभागलेला. मूल तो सुटा करते, खुर्ची करते, पूल करते आणि शेवटी पुन्हा अखंड करून पेटीत ठेवते. पुढे 6 जानेवारी 1907 रोजी मारिया माँटेसरींनी रोममधल्या गरीब वस्तीत 'बालगृह' उघडले. त्यांच्या साधनांत एक लाकडी ठोकळा आहे. त्यात दहा भोके आणि दहा दट्ट्या. चुकीच्या भोकात घातलेली दट्टी एक तर बसत नाही, नाही तर आत डगडगते. शेवटी एक उरतेच. "चुकलास" असे बाईंना म्हणावे लागत नाही, ते ठोकळाच सांगतो. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे फार मोलाचे वाटते, कारण खरेखोटे ठरवण्याचा अधिकार इथे मोठ्यांच्या हातून वस्तूकडे जातो. ही तिसरी कसोटी.

हा विचार आपल्याकडे भावनगरमार्गे आला. गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये तिथे बालमंदिर काढले. त्यांच्याबरोबर ताराबाई मोडकांनी काम केले. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मग 1945 मध्ये ताराबाई आणि अनुताई वाघ तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी पाड्यांत महागडी साधने कुठून आणणार? त्यांनी बिया, पाने, शिंपले, दगड, माती घेतली. वर्गीकरण शिंपल्यांनी होते, मोजणी बियांनी होते. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊ, ही 'अंगणवाडी' तिथलीच कल्पना. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975ला सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला.

आणि एक गंमत. माँटेसरींच्या साधनांत आवाजाच्या डब्या आहेत. हलवायच्या आणि सारख्या आवाजाची जोडी लावायची. आमच्या बहिणी भुलाबाईच्या दिवसांत काय करत होत्या? झाकलेला डबा हलवून खाऊ ओळखा! शेंगदाणे की फुटाणे की लाडू? ते शैक्षणिक साधन आहे, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

आता आमची चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका बालवाडीच्या समितीवर आम्ही होतो. देणगी जमली, आम्ही उत्साहाने लाकडी कोडी, ठोकळे, मणी घेतले. वर्षभराने पाहणीला गेलो, तर सगळे कपाटात, कुलुपात. रंगाला ओरखडा नाही. बाई म्हणाल्या, "सर, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे. एक तुकडा हरवला तर भरून कोण देणार?" आम्ही त्यांच्यावर रागावलो. घरी येताना आठवले की दर तिमाहीला नग मोजून आणा, असे पत्र आम्हीच सही करून पाठवले होते. खेळणी 'डेडस्टॉक'मध्ये आम्हीच घातली होती. तोवर त्या वर्षीची मुले पहिलीत गेली होती. त्यांना ती खेळणी मिळाली नाहीत, आणि त्याची भरपाई आता होणे नाही. श्रोतेहो, सर्वांत जास्त टिकते ते कुलुपातले खेळणे. म्हणून नुसते टिकणे ही कसोटी होऊ शकत नाही.

तर खरेदीला जाताना काय बघायचे? लाकूड हातात घ्या. ते जड, गुळगुळीत आणि सांध्याला घट्ट हवे. ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसा. रंग लागला तर ठेवून द्या, कारण ते मुलाच्या तोंडात जाणार. मोठ्या दुकानात आयएसआय चिन्ह बघा. 1 जानेवारी 2021 पासून ते चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना सूट आहे, म्हणून सावंतवाडीच्या लाकडी फळांवर चिन्ह नसले तर दचकू नका, पण रंग कोणता ते विचारा. तीन वर्षांच्या आत चिंचोके, सागरगोटे, मणी नकोत, नाकातोंडात जातात. बटणासारखी बॅटरी आणि सुटी लोहचुंबके घरात नकोतच. कोडे आधी तीन-चार तुकड्यांचे, पकडायला खुंटी असलेले. एक तुकडा हरवला तर फेकू नका. जाड पुठ्ठ्याचा नवा कापा, तोही मुलासमोर बसून. आणि खेळणी मुलाच्या हाताच्या उंचीवर ठेवा, थोडीच ठेवा, बाकीची आलटून पालटून काढा.

त्या आजी आज समोर बसल्या आहेत. आजी, ठोकळेच घ्या, पण त्याचबरोबर एक रिकामा डबा आणि मूठभर फुटाणे घ्या. डबा तुमच्या हातात ठेवा, हलवा आणि नातवाला विचारा, आत काय आहे? त्याने ओळखले की फुटाणे दोघांनी खा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.