उठताना येणारी भोवळ (दीर्घ पल्ल्याचे धावपटू)

उठताना येणारी भोवळ म्हणजे झोपलेल्या, बसलेल्या किंवा उकिडव्या स्थितीतून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, डोके हलके होणे आणि क्षणभर तोल गेल्यासारखे वाटणे होय. उभे राहिल्यावर रक्तदाब अल्पकाळ खाली येऊन मेंदूला होणारा रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे ती येते. दीर्घ पल्ल्याचे धावणे, सायकल चालविणे, पोहणे यांसारख्या दमश्वासाच्या व्यायामाचा नियमित सराव करणाऱ्या निरोगी व्यक्तींनाही हा अनुभव येतो. बहुतेक वेळा तो निरुपद्रवी असतो. तथापि रक्तक्षय, अपुरा आहार, शरीरातील पाण्याची कमतरता आणि क्वचित हृदयविकार यांचेही पहिले लक्षण हेच असू शकते. त्यामुळे भोवळ ही ‘कमावलेल्या शरीराची खूण’ आहे, असा निष्कर्ष ही कारणे तपासल्यानंतरच काढता येतो.

स्वरूप

भोवळ साधारणतः उभे राहिल्यापासून काही सेकंदांत येते आणि बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आत ओसरते. दृष्टी कडेकडून काळवंडत जाणे, कानांत गुंजारव होणे, पाय लटके पडणे ही तिची नेहमीची लक्षणे होत. पुन्हा बसल्यास किंवा आडवे झाल्यास ती लगेच थांबते.

मराठीत ‘चक्कर’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. डोके हलके होणे, भोवतालच्या वस्तू गरगर फिरताना दिसणे आणि प्रत्यक्ष शुद्ध हरपणे या तिन्ही गोष्टींना लोक चक्करच म्हणतात. वस्तू फिरताना दिसणे हे बहुधा अंतर्कर्णाच्या बिघाडाचे लक्षण असून ते अंथरुणात कूस बदलतानाही जाणवते. रक्तदाबाशी निगडित भोवळ मात्र उभे राहण्याशी बांधलेली असते. म्हणून ‘नेमके काय होते आणि केव्हा होते’ हा प्रश्न निदानात यंत्रांच्याही आधी येतो.

शरीरक्रिया

माणूस उभा राहिला की गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे अर्धा ते एक लीटर रक्त पायांच्या आणि पोटातील शिरांकडे सरकते. हृदयाकडे परतणारे रक्त तेवढे घटते आणि प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्तही कमी होते. मानेतील ग्रीवा धमनी व महाधमनीची कमान येथील दाबसंवेदक पेशी हा बदल टिपतात. त्यांच्या संदेशामुळे हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि दाब पूर्ववत होतो. पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावताना शिरांतील रक्त वर ढकलतात. या क्रियेला स्नायुपंप म्हणतात.

उभ्या स्थितीत मेंदू हृदयाच्या सुमारे ३० सेंटिमीटर वर असतो. केवळ या उंचीमुळे मेंदूच्या पातळीवरील रक्तदाब हृदयाच्या पातळीपेक्षा २० मिमी पाऱ्याहून अधिक कमी भरतो. ज्याचा मूळ रक्तदाबच कमी आहे, त्याच्याजवळ ही तूट सोसण्यास फारशी शिल्लक उरत नाही.

उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत आकुंचन दाब किमान २० मिमी किंवा प्रसरण दाब किमान १० मिमी पाऱ्याने उतरून तसाच राहिल्यास त्यास स्थितिजन्य न्यूनरक्तदाब म्हणतात. धावपटूंची भोवळ अनेकदा या व्याख्येत बसत नाही. पहिल्या १५ सेकंदांत आकुंचन दाब ४० मिमीहून अधिक कोसळतो आणि तितक्याच वेगाने सावरतो. दाबमापकाचा पट्टा फुगून वाचन मिळेपर्यंत सारे संपलेले असते. यामुळेच तक्रार खरी असूनही नोंद ‘सामान्य’ अशी होते.

दमश्वासाच्या सरावाचा परिणाम

खेळाडूंचे हृदय सामान्यांपेक्षा मोठे असते, हे स्वीडिश वैद्य सॉलोमन हेन्शेन यांनी १८९९ मध्ये बर्फावरून घसरत जाण्याच्या शर्यतींतील स्पर्धकांवरून दाखविले. वर्षानुवर्षांच्या सरावाने डावी जवनिका अधिक प्रशस्त व लवचीक होते आणि विश्रांतीच्या वेळी व्हेगस चेतेचा प्रभाव वाढून नाडी मंदावते. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे ५ लीटर रक्त पुढे ढकलते. ७० ठोक्यांत हे काम करणाऱ्या हृदयाला दर ठोक्यास सुमारे ७० मिलिलीटर रक्त लागते, तर ४० ठोके पडणाऱ्या हृदयाला १२५ मिलिलीटर.

याच ठिकाणी उणीव निर्माण होते. लवचीक जवनिका भरपूर रक्त सामावून घेते, पण परतणारे रक्त थोडे घटले तरी तिच्यातून बाहेर पडणारे रक्त सामान्य हृदयापेक्षा अधिक प्रमाणात घटते. अमेरिकेतील बेंजामिन लेव्हाइन व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दमश्वासाच्या खेळाडूंच्या हृदयातील दाब व आकारमान मोजून हा संबंध मांडला. धावताना उपयोगी पडणारा गुण उभे राहताना अडचणीचा ठरतो, असा त्याचा अर्थ आहे.

दुसऱ्या बाजूस सरावामुळे रक्तद्रवाचे प्रमाण वाढते आणि त्यामुळे भोवळीपासून संरक्षण मिळते. म्हणूनच सराव आणि भोवळ यांचा संबंध सरळ नाही. अंतराळवीरांनी दमश्वासाचा कठोर व्यायाम करावा की नाही, हा वाद १९७० च्या दशकात अंतराळवैद्यकात रंगला होता. काही प्रयोगांत दीर्घ पल्ल्याचे धावपटू उभ्या स्थितीचा ताण कमी सोसतात असे दिसले, तर इतर प्रयोगांत तसा फरक आढळला नाही. मध्यम प्रमाणातील व्यायामाने अशी भोवळ वाढते, असे मानण्यास आधार नाही.

धाव संपल्यावर कोसळणे

व्यायामानंतर सुमारे दोन तास रक्तदाब नेहमीपेक्षा कमी राहतो. स्नायूंतील रक्तवाहिन्या अद्याप रुंदावलेल्या असतात आणि त्यामागे हिस्टामिनचाही वाटा असतो. धावणारा शेवटच्या रेषेवर एकदम थांबला, की स्नायुपंप बंद पडतो, रक्त पायांत साठते आणि तो कोसळतो. दक्षिण आफ्रिकेतील लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या अभ्यासात कोसळणारे बहुसंख्य धावक अंतिम रेषा ओलांडल्यानंतरच कोसळतात, असे टिमोथी नोक्स व सहकाऱ्यांना आढळले. शर्यत पूर्ण करून कोसळलेला शुद्धीवर असेल, तर त्याला आडवे करून पाय उंच धरणे बहुधा पुरेसे ठरते. शर्यतीच्या मध्येच कोसळणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. त्यामागे उष्माघात, हृदयविकार किंवा रक्तातील सोडियमची घट असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

मराठवाड्यातील संदर्भ

जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यातील वाटूर आणि एकूणच मराठवाड्याच्या ग्रामीण भागात धावण्याचा सराव मुख्यतः पोलीस व सैन्य भरतीसाठी केला जातो. राज्य पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १,६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. या सरावातून मोठे खेळाडूही पुढे येतात. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा येथे जन्मलेला अविनाश साबळे सैन्यात दाखल झाल्यानंतर अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळला आणि हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याने ३,००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक मिळविले.

भरतीची तयारी करणाऱ्यांचा सराव अनेकदा काही महिन्यांचाच असतो. तेवढ्या अवधीत हृदयाच्या रचनेत वर वर्णिलेले बदल पूर्णपणे घडत नाहीत. त्यांच्या भोवळीची कारणे बहुधा अधिक साधी असतात. पहाटे उपाशीपोटी धावणे, उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर गेलेले असताना पुरेसे पाणी न पिणे, धावल्यावर लगेच थांबून कमरेत वाकणे आणि झटकन ताठ होणे ही त्यांपैकी काही होत. बैठका मारून उठतानाही हेच घडते. वजन घटविण्याच्या नादात जेवण तोडल्यास नाडी मंदावते, परंतु ती तंदुरुस्तीची नव्हे तर उपासमारीची मंद नाडी असते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंमधील अशा ऊर्जातुटीला स्वतंत्र विकारसमूह म्हणून मान्यता दिली. मुलींमध्ये पाळी अनियमित होणे किंवा थांबणे हे त्याचे ठळक चिन्ह आहे.

रक्तक्षय हे महाराष्ट्रात विशेष लक्षात घ्यावे लागणारे कारण आहे. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सरावामुळे रक्तद्रव वाढून हिमोग्लोबिनचे प्रमाण किंचित कमी दिसते, हे खरे आहे. पण त्या सबबीवर खरा रक्तक्षय दुर्लक्षिला जाण्याचा धोका येथे मोठा आहे.

जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत कोसळलेल्या काही उमेदवारांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर राज्य शासनाने धावण्याचे अंतर कमी केले. धावताना कोसळणे आणि उठताना अंधारी येणे यांना एकाच ‘चक्कर’ या नावाखाली मोजणे किती घातक ठरू शकते, हे अशा घटनांवरून ध्यानात येते.

तपासणी

प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येईल अशी तपासणी सोपी आहे. पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब व नाडी मोजतात, नंतर उभे करून पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजतात. दाब न उतरता दहा मिनिटांत नाडी ३० ठोक्यांनी (१२ ते १९ वर्षे वयात ४० ठोक्यांनी) वाढून तशीच राहिली आणि तक्रारी दीर्घकाळ असतील, तर स्थितिजन्य हृद्‌गतिवृद्धी या वेगळ्या विकाराचा विचार केला जातो. सोबत हिमोग्लोबिन तपासतात, आहाराची व घेत असलेल्या औषधांची चौकशी करतात आणि आवश्यकतेनुसार हृदयाचा विद्युत आलेख काढतात.

धावत असताना शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, धडधड होऊन मग भोवळ येणे किंवा कुटुंबात तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असल्यास हृदयाची तपासणी होईपर्यंत सराव थांबविणे आवश्यक मानले जाते. धावल्यानंतर बरळणे, वागण्यात विसंगती आणि तापलेले अंग ही उष्माघाताची लक्षणे असून अशा व्यक्तीला रुग्णालयात हलवीपर्यंत थंड पाण्याने गार करणे हे पहिले काम असते.

उपाय

अंथरुणातून उठताना आधी काठावर बसून पोटऱ्या आवळणे व सैल सोडणे, नंतर सावकाश उभे राहणे हा पहिला उपाय होय. अंधारी येऊ लागल्यास पायावर पाय घेऊन मांड्या व नितंब घट्ट आवळल्याने किंवा खाली उकिडवे बसल्याने दाब लगेच सावरतो. धाव संपल्यावर एकदम न थांबता काही मिनिटे चालत राहावे. सुमारे अर्धा लीटर पाणी एकदम प्यायल्यास काही व्यक्तींमध्ये दाब थोडा वेळ वाढतो. घाम फार गेला असल्यास मीठ घातलेले ताक किंवा लिंबू सरबत साध्या पाण्यापेक्षा सोयीचे असते. मात्र तहानेपेक्षा कितीतरी अधिक पाणी बळेच पिण्याने रक्तातील सोडियम उतरू शकते. उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय मीठ वाढवू नये.

सराव पूर्णपणे सोडणे हा सहसा उपाय ठरत नाही. सराव थांबताच वाढलेले रक्तद्रव काही दिवसांतच घटू लागते, तर जवनिकेतील बदल मागे येण्यास त्याहून अधिक काळ लागतो. परिणामी मधल्या काळात भोवळ कमी होण्याऐवजी वाढूही शकते.