‘लिटल हर्बी’ आणि घरी बांधलेली विमाने

१७ डिसेंबर १९४७ रोजी बोइंगचे बी-४७ हे जेट बॉम्बफेकी विमान सिएटलहून पहिल्यांदा उडाले. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला त्याच दिवशी ४४ वर्षे झाली होती. पंख ३५ अंशांनी मागे वळवलेले. ही युक्ती बोइंगचे जॉर्ज शायरर यांच्या हाती १९४५ मध्ये पराभूत जर्मनीत लागली होती. पंखांनी वेग दिला, पण एक खोडही लावली. विमानाची शेपूट डावी-उजवीकडे हेलकावे खायची, त्याच लयीत पंख खालीवर व्हायचे आणि हे झुलणे लवकर थांबायचे नाही. याला ‘डच रोल’ म्हणतात. विमानाचे नाक बाजूला सरकले की मागे वळलेल्या पंखांपैकी वाऱ्याला सामोरा गेलेला पंख जास्त उचलला जातो, विमान कलते. उभी शेपूट नाक सरळ करू पाहते आणि विमान पलीकडे झुकते. उंचावरच्या विरळ हवेत हे झोके विरायला आणखी वेळ लागतो.

बोइंगच्या अभियंत्यांनी वैमानिकाच्या पायांऐवजी जायरोस्कोपवर भिस्त ठेवली. नाक किती वेगाने वळते आहे हे जायरो मोजतो आणि मोटर लगेच रडर, म्हणजे उभ्या शेपटीचा हलता भाग, उलट दिशेला दाबते. मात्र वैमानिकाने मुद्दाम घेतलेल्या वळणालाही हे उपकरण विरोध करू लागले तर पंचाईत. म्हणून सतत टिकणारा संकेत आपोआप ओसरू देण्याची सोय करावी लागली. नाकाचे डावी-उजवीकडे वळणे (यॉ) आवरणाऱ्या या यॉ डॅम्परला कंपनीत लाडाने ‘लिटल हर्बी’ म्हणत.

पण सगळे हर्बीवर सोपवणे सर्वांना पटले नाही. १९ ऑक्टोबर १९५९ रोजी वॉशिंग्टन राज्यात ओसोजवळ प्रशिक्षणाच्या उड्डाणात डच रोलचा सराव हाताबाहेर गेला, तशाच मागे वळलेल्या पंखांच्या बोइंग ७०७ या प्रवासी जेट विमानाची इंजिने निखळली आणि चौघांचा जीव गेला. ब्रिटनचे परीक्षण-वैमानिक डी. पी. डेव्हिस यांनी तर आग्रहच धरला आणि ७०७ ची उभी शेपूट उंच करून घेतली. डेव्हिस यांचा हट्ट रास्त होता.

छोट्या विमानांत यॉ डॅम्पर आला तो निराळ्या कारणाने. १९४७ पासूनच विकल्या गेलेल्या बीचक्राफ्ट बोनान्झाची इंग्रजी व्ही अक्षरासारखी शेपूट खळबळीच्या हवेत वळवळे आणि मागे बसलेल्यांना मळमळे. पुढे अनेक मालकांनी तीत यॉ डॅम्पर बसवून घेतला. आता गार्मिनसारख्या कंपनीच्या ऑटोपायलटला तिसरी सर्व्हो मोटर जोडली की घरी बांधलेल्या विमानातही तो मिळतो.

त्याची गरज आहे का? सरळ पंखांच्या, दहा हजार फुटांखाली उडणाऱ्या दोन आसनी विमानाला नाही. अमेरिकी नियमांची जुनी कसोटी होती की असा झोका सात आवर्तनांत एक दशांशावर यावा. घरी बांधलेल्या विमानांना ती लागू नसली, तरी वैमानिकाने ती स्वतः लावून पाहावी. विमान त्यात नापास झाले, तर आधी रडरच्या तारांचा ढिलेपणा आणि उभ्या शेपटीचे क्षेत्रफळ तपासावे. चार आसनी विमानातून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांनी मागच्या प्रवाशांसाठी हवा तर खुशाल बसवावा. मात्र उतरताना तो बंद ठेवावा.