कडू, तुरट आणि २५ अंश अंडर-प्रूफ: चवीचा इतिहास कुठे शोधायचा?

मागच्या पोस्टनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: चवीवर संशोधन करायचं तर साधनं कुठली? जमीन महसुलाचे कागद सापडतात, खटल्यांचे निकाल सापडतात. पण शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं, हे कुठल्या दप्तरात सापडणार?

उत्तर देण्यासाठी मी मुद्दाम साधी वस्तू घेते. बदलापूर किंवा अंबरनाथच्या वाइन शॉपमध्ये काचेच्या फ्रिजमध्ये ठेवलेला क्राफ्ट पिल्सनरचा कॅन. (महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ लागतं, कडक दारूसाठी २५. पण लेबल वाचायला वयाची अट नाही, आणि आपलं काम लेबलशीच आहे.) त्या कॅनवर चवीबद्दल दोन-चार विशेषणं असतात. त्याखाली बारीक अक्षरात अल्कोहोलचं प्रमाण, ‘माइल्ड’चा शिक्का, फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी अशी सूचना. विशेषणं कंपनीने लिहिलीत, आकडे सरकारने लिहायला लावलेत. एकाच कॅनवर दोन परीक्षक बसलेत आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं नाही. पुढचा सगळा लेख या दोघांबद्दलच आहे.

आधी जिभेचा परीक्षक. बिअरच्या स्पर्धांत जगभर वापरली जाणारी एक गुणपत्रिका आहे, बीजेसीपी या अमेरिकन संस्थेची (स्थापना १९८५). एकूण गुण ५०: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५, एकंदर परिणामाला १०. पिल्सनर फिकट सोनेरी, स्वच्छ, वर पांढरा टिकणारा फेस असलेली हवी. हॉप्सचा कडवटपणा स्पष्ट हवा, पण घोट गिळल्यावर घशात ओरखडा राहता कामा नये. उकडलेल्या मक्याचा वास आला तर दोष, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागली तर ती शिळी.

आता गंमत बघा. डायॲसिटिल नावाचा एक पदार्थ आहे, त्याने बिअरला लोण्यासारखा वास येतो. झेक पद्धतीच्या पिल्सनरमध्ये तो थोडासा चालतो. जर्मन पद्धतीच्या पिल्समध्ये तोच दोष धरतात. पेला तोच, रेणू तोच. आधी कुठल्या रकान्यात बसवलंय त्यावर गुण ठरतात. म्हणजे ‘तज्ज्ञाची जीभ’ म्हणतो तेव्हा त्या जिभेमागे एक तक्ता असतो, आणि तक्त्याला इतिहास असतो.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेची. मराठीत शाळेतल्या पोरालाही सहा चवी पाठ असतात: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. बदलापूरच्या माणसाला तुरट म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही, तिथली जांभळं प्रसिद्धच आहेत. कडू म्हणजे कारलं, तुरट म्हणजे जांभूळ. पिल्सनर कारल्याच्या बाजूची हवी. जांभळाच्या बाजूला गेली तर बनवताना काहीतरी चुकलंय. पण त्या गुणपत्रिकेत तुरटपणा ‘चव’ या रकान्यात नाहीच. तो ‘तोंडात कशी लागते’ या पाच गुणांच्या रकान्यात जातो, कारण त्या परंपरेत तुरटपणा ही चव नसून स्पर्श आहे. इंग्रजी गुणपत्रिकेचं भाषांतर करून मराठी माणसांच्या मुलाखती घेणार असाल, तर हा रकाना तुम्हाला नक्की अडवणार. आणि अडवला तर चांगलंच, कारण प्रबंधाचा मुद्दा तिथेच आहे.

पिल्सनरचा स्वतःचा जन्मही एका निकालातून झाला. १८३८ मध्ये बोहेमियातल्या प्लझेन गावात खराब झालेल्या बिअरची ३६ पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली गेली. मग नागरिकांनी मिळून नवी ब्रुअरी काढली, बव्हेरियाहून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला, आणि ५ ऑक्टोबर १८४२ ला त्याने पहिला घाणा घातला. फिकट माल्ट, साट्झचे हॉप्स, आणि तिथलं फार हलकं, क्षार कमी असलेलं पाणी. ही झाली नेहमीची गोष्ट, कुठल्याही ब्रुअरीच्या भिंतीवर वाचायला मिळेल. माझं लक्ष पुढच्या वर्षाकडे जातं. १८४३ मध्ये प्रागच्या कार्ल बालिंगने अर्कातली साखर मोजायची पट्टी तयार केली. झेक लोक आजही ‘दहा’ द्या, ‘बारा’ द्या अशी बिअर मागतात, ते या बालिंगच्या अंशांवरून. चव आणि मोजमाप जवळजवळ जुळ्यासारखी जन्मली, आणि मोजमाप आलं की कर आकारणं सोपं होतं.

हेच मोजमाप आपल्याकडे कसं आलं ते बघू. त्यासाठी बिअर जरा बाजूला ठेवून कल्याण तालुक्यात यावं लागेल, कारण अंबरनाथ आणि बदलापूर तेव्हा त्यातली गावं होती. उल्हासनगर तर नव्हतंच.

इथल्या डोंगरपट्ट्यातल्या ठाकूर-कातकऱ्यांचं पेय मोहाच्या फुलांचं, किनाऱ्याकडे ताडी-माडीचं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्यांचा कारभार मोडत आणला. दारू मध्यवर्ती डिस्टिलरीत गाळायची, तिथे कर भरायचा, मग परवान्याच्या दुकानात विकायची. उरण अशा डिस्टिलऱ्यांचं मोठं ठिकाण होतं. ताडीच्या झाडांवर कर बसला, त्याविरुद्ध वसई-माहीमकडच्या भंडाऱ्यांनी अर्जविनंत्या केल्या. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांचा कायदा आला, म्हणजे झाडाखाली पडलेलं फूल गोळा करून ठेवणंसुद्धा परवान्याची बाब झाली. यावर इंद्रा मुन्शी सल्दान्हा यांचा १९९५ चा लेख आणि दक्षिण गुजरातबद्दल डेव्हिड हार्डिमन यांचा १९८५ चा लेख वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

या कागदांत दारूची ओळख कशी येते? ‘२५ अंश अंडर-प्रूफ’ आणि ‘६० अंश अंडर-प्रूफ’. सगळीकडे हेच. नवीन संशोधक इथे हमखास फसतो: ६० म्हणजे जास्त कडक असं वाटतं. उलट आहे. ‘प्रूफ’ म्हणजे साधारण ५७.१ टक्के अल्कोहोल, आणि त्याच्या किती खाली ते हा आकडा सांगतो. २५ अंश खाली म्हणजे ४२.८ टक्के, ६० अंश खाली म्हणजे २२.८ टक्के. हे मोजायचं साइक्सच्या हायड्रोमीटरने. दुधातलं पाणी ओळखायला लॅक्टोमीटर घालतात, त्याच तत्त्वाचं उपकरण. आता आजच्या बहुतेक देशी बनावटीच्या व्हिस्कींचं लेबल बघा: ४२.८ टक्के. अबकारीचा तो जुना आकडा अजून दुकानात उभा आहे.

पिणाऱ्यांकडेही मोजमाप होतंच. ‘पहिल्या धारेची’ हा शब्द तुम्ही विनोदात वापरत असाल, पण तो मुळात परीक्षकाचा शब्द आहे. भट्टीतून आधी येते ती धार कडक, नंतरची पातळ. दारू थोडी ओतून काडी लावायची, पेटली तर खरी. इंग्रजांच्या ‘प्रूफ’ शब्दामागेही बंदुकीची दारू भिजवून पेटवून बघण्याची गोष्ट सांगतात, म्हणजे दोन्हीकडे परीक्षा तीच. फरक एवढाच की एकाचा निकाल सरकारी रजिस्टरात गेला आणि दुसऱ्याचा बोलीत राहिला.

मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, महसूल खात्याचे खंड मागवलेत की ते अंश पानोपानी दिसतील. डिस्टिलरीची दारू महाग आणि पातळ असल्याच्या तक्रारीही मिळतील. चवीचा उल्लेख येतो तो अशा तक्रारीतच, बहुतेक वेळा अधिकाऱ्याच्या इंग्रजीत गाळून. म्हणून माझा कित्ता असा: अंशांचा तक्ता दिसला की ‘दारू कशी होती’ हे त्याला विचारू नका, ते त्याला माहीत नाही. हायड्रोमीटर कुणाच्या हातात होता आणि आकडा कुठल्या वहीत गेला, हे मात्र तो नेमकं सांगतो.

आता उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे आलेले सिंधी निर्वासित, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते ‘उल्हासनगर’ हे नामकरण. शाळेत शिकलेली तारीख. तिच्या शेजारी दुसरी तारीख ठेवा: मुंबई दारूबंदी कायदा १६ जून १९४९ ला लागू झाला. दोन महिन्यांचंही अंतर नाही. हे शहर जन्मापासून दारूबंदीत वाढलं.

या कायद्यात ‘मद्य’ या शब्दाची व्याख्या इतकी रुंद होती की बिअर, ताडी, औषधी वाइन सगळं एका पोत्यात. फ्राम नुसरवानजी बलसारा यांनी त्याला आव्हान दिलं. त्यांनी हक्क मागितलेल्या वस्तूंच्या यादीत व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर तर होतीच, पण ओ-दे-कोलोन आणि लॅव्हेंडर वॉटरही होतं. २५ मे १९५१ ला सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी टिकवला. अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं बाळगण्या-वापरण्यावरची बंदी तेवढी रद्द केली. निकालाचं पान जरूर वाचा. पिण्याची वस्तू कुठली आणि अंगाला लावायची कुठली, यावर इतक्या गंभीरपणे लिहिलेलं दुसरं वाचायला मिळणं कठीण. ‘परमिट रूम’ ही उल्हासनगरच्या रस्त्यावरची पाटी त्याच काळाचा अवशेष आहे. परवान्याची व्यवस्था कागदावर आजही आहे, कायदाही आहे, फक्त त्याच्या नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आलंय.

दारूबंदीने जिभेचं काम संपवलं नाही, जास्त धोक्याचं केलं. लेबल नसलेल्या पेल्यात काय आहे ते ओळखणार कोण? मिथेनॉल चवीला आणि वासाला इथेनॉलच्या इतकं जवळ आहे की जीभ फसते. काडी लावली तर तेही पेटतं. हायड्रोमीटर घातला तर तोही फसतो, कारण दोघांची घनता जवळजवळ सारखीच. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत १०० हून अधिक माणसं मेली ती याच फसवणुकीत. दारूबंदीचे कठोर नियम सैल होऊन तेव्हा कित्येक वर्षं झाली होती. ज्यांना कॅनवरची किंमत परवडत होती त्यांचा पेला प्रयोगशाळेतून तपासून आला होता, बाकीच्यांना स्वतःच्या जिभेवर विसंबावं लागलं. माझ्या दृष्टीने चवीच्या इतिहासाचा सगळ्यात टोकदार प्रश्न इथे आहे, हॉप्सच्या सुगंधात नाही.

आणि तो पिल्सनरचा कॅन? नियमानुसार ५ टक्क्यांपर्यंत माइल्ड, त्यावर ८ पर्यंत स्ट्राँग. बीजेसीपीच्या तक्त्यात झेक प्रीमियम पिल्सनर ५.८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, जर्मन पिल्स ५.२ पर्यंत. म्हणजे युरोपात निर्दोष ठरलेली बिअर इथे दशांशाच्या फरकाने दुसऱ्या वर्गात पडेल. इथला ब्रुअर पाककृती ठरवताना आधी कुठला तक्ता उघडत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

जाता जाता मुलाखतींबद्दल. अंबरनाथ-बदलापूरकडच्या पाड्यांवर मोहाची आठवण सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांना ‘किती कडक असायची?’ असं विचारलंत तर ती आकड्यात किंवा फुशारकीत उत्तर देतील. ‘कशी लागायची?’ असं विचारा, आणि मग गप्प बसा. उत्तरात बहुतेक वेळा आधी एखाद्या फळाचं नाव येतं. रेकॉर्डर बंद करायची घाई करू नका, आणि ते नाव टिपणात जसंच्या तसं उतरवा. कंसात त्याचं इंग्रजी करू नका.