धोनी पहिला, पवन नेगी उरलेला: ड्राफ्टची गोष्ट

आजचा एपिसोड ड्राफ्टवर. शब्द नवा वाटेल, पण खेळ तुम्ही खेळलेला आहे. भंडाऱ्यात खात रोडच्या ग्राउंडवर आम्ही पोट्टे जमलो की दोन कॅप्टन ठरायचे, टॉस व्हायचा, आणि मग एक तू घे, एक मी घेतो. कॅप्टननं नाव घेतलं की "मला या टीमकडून नाही खेळायचं" म्हणायची सोय नव्हती. मी बहुतेकदा शेवटच्या दोघांत, त्यामुळे विषय जरा जवळचा.

हीच पद्धत अमेरिकेतल्या प्रो बास्केटबॉलनं १९४७ मध्ये सुरू केली. तेव्हा लीगचं नाव बीएए होतं, एनबीए नंतर झालं. कॉलेजमधून निघणाऱ्या खेळाडूंसाठी टीम्सनी एकमेकांवर चढाओढ करायची नाही, क्रमानं निवडायचं, आणि मागच्या सीझनला जी टीम हरत राहिली तिला आधी संधी. ऐकायला एकदम न्याय्य ना? पण मालकांचा फायदा बघा. एका टीमनं नाव घेतलं की दुसरी टीम त्या पोराशी पैशांचं बोलूच शकत नाही. मग भाव वाढणार कसा?

पहिल्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू होता क्लिफ्टन मॅकनीली. त्याला पिट्सबर्ग आयर्नमेननं घेतलं, आणि गडी लीगमध्ये एकही मॅच खेळला नाही! टेक्सासमध्ये जाऊन हायस्कूलच्या पोरांचा कोच झाला. पिट्सबर्गची टीमही पुढचा सीझन सुरू व्हायच्या आधीच बंद पडली.

सगळ्यांना असं सोडून जाणं परवडत नव्हतं. १९७० मध्ये खेळाडूंच्या युनियनचा अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन कोर्टात गेला. १९७६ मध्ये तडजोड झाली. ड्राफ्ट राहिला, पण टीमचा हक्क सैल झाला: करार पटला नाही तर खेळाडू पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये परत उतरू शकतो. याच एनबीए ड्राफ्टमध्ये जून २०१५ ला पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग ५२ वा निवडला गेला. भारतात जन्मलेला पहिलाच. एनबीएची मॅच मात्र त्याला मिळाली नाही.

आता आपल्याकडं. तुम्ही म्हणाल, आयपीएलमध्ये तर लिलाव असतो. खरंय, पण ड्राफ्टही झालेत. २००८ मध्ये अंडर-१९ च्या पोरांचा झाला. दिल्लीनं प्रदीप सांगवान घेतला आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगळुरूला गेला. यावर जास्त बोलत नाही, दिल्लीवाले चिडतात.

खरी मजा १५ डिसेंबर २०१५ ला, मुंबईत. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी बाहेर, त्यांचे ५० खेळाडू मोकळे, आणि पुणे व राजकोट या दोन नव्या टीम्स. अगदी आमच्या ग्राउंडसारखं: पुण्यानं धोनी घेतला, राजकोटनं रैना. पुण्यानं आपला अजिंक्य रहाणे, राजकोटनं जडेजा. असे पाच-पाच. दर आधीच ठरलेले: पहिल्याला १२.५ कोटी, मग ९.५, ७.५, ५.५ आणि शेवटी ४. म्हणजे धोनी आणि रैना एकाच भावात! स्टीव्ह स्मिथ पुण्याचा चौथा, म्हणून ५.५ कोटी. २०१७ मध्ये त्याच्याच कॅप्टन्सीत पुणे फायनलला गेलं आणि मुंबईकडून एका रननं हरलं.

उरलेले ४० जण लिलावात जाऊ शकत होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये बंगळुरूला बोली लागली. शेन वॉटसन ९.५ कोटी. पवन नेगी ८.५ कोटी. दोघांनाही ड्राफ्टमध्ये ना पुण्यानं घेतलं होतं, ना राजकोटनं, आणि दोघंही स्मिथपेक्षा महाग! नेगीचा आकडा ऐकून मला काय आनंद झाला होता, विचारू नका.