बैलजोडी, गाय-वासरू, पंजा आणि आपण

आमच्या दादाजानांनी बैलजोडीवर शिक्का मारला, अब्बांनी आधी गाय-वासरावर आणि नंतर पंजावर. चिन्हे तीन, पक्ष एकच: काँग्रेस. परवा इतिहासाच्या तासाला एका मुलीने विचारले, "सर, लोक कंटाळत नव्हते का?" प्रश्न साधा होता, पण तासाच्या उरलेल्या दहा मिनिटांत उत्तर मावले नाही. म्हणून हा लेख.

असा प्रकार फक्त आपल्याकडेच घडला असे नाही. जपानमध्ये नोव्हेंबर १९५५ मध्ये दोन पुराणमतवादी पक्ष एकत्र आले आणि लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष स्थापन झाला. तो १९९३ पर्यंत सलग ३८ वर्षे सत्तेत राहिला. महाराष्ट्रात १९६० पासून १९९५ पर्यंत, पुलोदची दीड वर्षे आणि राष्ट्रपती राजवटीचे दिवस सोडले तर, काँग्रेसच होती. १९७२ मध्ये तर २७० पैकी २२२ आमदार तिचे.

दोन्ही पक्षांची विचारसरणी कागदावर वेगळी. जपानी पक्ष परंपरा, उद्योग आणि अमेरिकेशी मैत्री सांगणारा. काँग्रेसने त्याच १९५५ साली आवडीच्या अधिवेशनात समाजवादी समाजरचनेचा ठराव केला. पण गावात उतरल्यावर दोघांची रीत सारखीच दिसते. तिकडे शेतकऱ्याच्या तांदळाला सरकारी भाव आणि शेती सहकारी संस्थांचे जाळे. इकडे साखर कारखाने, जिल्हा बँका, आणि आपल्या परभणी, मानवतच्या कापूस पट्ट्याला जवळची असलेली १९७२ ची एकाधिकार खरेदी योजना. भाषा समाजवादाची, पण गावातली मोठी घरे जागच्या जागी. म्हणून मी तिलाही एका अर्थाने पुराणमतवादीच म्हणेन.

दुसरे साम्य गटबाजीचे. तिकडे पंतप्रधान गटांच्या तडजोडीतून ठरे, इकडे मुख्यमंत्री. विरोधक पक्षाच्या आतच असल्याने माणसे बदलत, पक्ष बदलत नसे. यशवंतराव चव्हाणांचे 'बेरजेचे राजकारण' ते हेच: शेकापचे असोत वा आणखी कुणाचे, येतील त्यांना आत घ्यायचे.

या बेरजेत आपण कुठे होतो? पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यातल्या मुसलमानाला आधी सुरक्षितता हवी होती. दादाजानांनी मत दिले ते त्यासाठी. त्याला मी कमी लेखणार नाही. बॅरिस्टर अंतुले १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. निराधारांना आधार देणारी संजय गांधी निराधार योजना त्यांच्याच काळातली. त्यांच्यानंतर आजवर दुसरा मुस्लिम मुख्यमंत्री झालेला नाही. आपण बेरजेत धरले गेलो, पण उत्तर काढणाऱ्यांत क्वचितच बसलो. जे मत हमखास मिळणार, त्यासाठी कोण काय देणार?

१९९२-९३ च्या मुंबई दंगलींच्या वेळी राज्यात सरकार काँग्रेसचेच होते. ज्या सुरक्षिततेसाठी मत दिले, तीच मिळाली नाही. अब्बा त्यानंतर निवडणुकीवर फारसे बोलले नाहीत. १९९५ मध्ये काँग्रेस ८० आमदारांवर आली. जपानी पक्ष १९९३ ला पडला, पण वर्षभरात जुन्या विरोधकांशीच हातमिळवणी करून परतला.

परभणीत बदल त्याआधीच झाला होता. १९९१ पासून १९९८ ची एक निवडणूक वगळता लोकसभेला शिवसेनेचाच माणूस निवडून आला. म्हणजे इथे एका कायमच्या पक्षाची जागा दुसऱ्याने घेतली. पुढे २०१९ मध्ये तीच शिवसेना काँग्रेससोबत आघाडीत बसली आणि २०२४ ला आपल्यातल्या अनेकांनी मशालीला मत दिले. ज्या पक्षाची भीती दाखवून आपली मते मागितली जात, त्याच्यासाठी! दादाजानांना हे सांगितले असते तर त्यांना खरे वाटले नसते.

म्हणून त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी एवढेच सांगितले: बेटा, लोक कंटाळतात, पण दुसरा दरवाजा उघडा दिसेपर्यंत कुणी घर सोडत नाही. मत कुणालाही दे, पण आधी त्याच्याकडे हिशेब माग. शाळेचा, रस्त्याचा, नोकरीचा. आमच्या दोन पिढ्यांनी मत दिले, पण हिशेब मागायचा राहून गेला.